मागची कोरी पानं

शिरूर, २० जानेवारी २०२४

सुलू,

फोनवर माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतेस, आणि गेल्या आठवड्यापासून तर फोन लागतच नाही. म्हणून पत्र. कागदाला आवाज नसतो, तेव्हा निदान शेवटपर्यंत ऐकून घेशील. शेजारच्या सविताताई तुला हे वाचून दाखवतील असं धरून चालतो. सविताताई, त्रास देतोय, रागावू नका. तीस वर्षं वाचनालयाच्या नोंदवहीत पुस्तकांची नावं लिहून माझं अक्षर मुंगीएवढं झालंय, चष्मा लावून बसा.

कार्यक्रम फार चांगला झाला असं सगळे अजून म्हणतात. ब्रेल दिनाचा कार्यक्रम म्हटल्यावर कोण येणार असं मला वाटलं होतं, पण सभागृहात खुर्च्या कमी पडल्या. तपासणीला आलेले साहेब तुझं वाचन संपल्यावर उभे राहून टाळ्या वाजवत होते. अध्यक्ष संपतराव भेटेल त्याला सांगतायत, "आमच्या ग्रंथपालाची भन हाय ती. जन्मापासनं आंधळी, पन बोटानं असं वाचती की डोळं असनारा लाजंल." तुझे डोळे सहाव्या वर्षी तापात गेले, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सोडून दिलं.

तू मात्र न जेवता गेलीस. मी ताट वाढून तुला शोधत होतो. बाइंडर बन्सी म्हणाला, ताई मघाशीच काठी टेकत स्टँडकडं गेल्या. एकटी जायची काय गरज होती? दौंडच्या गाडीत मी बसवून दिलं असतं. सत्काराची शाल खुर्चीवरच राहिली आहे. पाठवू का?

पुस्तकांबद्दल काही मनात असेल तर सांगतो. बन्सीनं बांधणी जरा घट्ट केली. त्याला असल्या पुस्तकांची सवय नाही, मी त्याला बोललोय. बाकी काळजी नको. दिव्यांग कक्षातल्या काचेच्या कपाटात सगळे खंड ओळीनं लावलेत, कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली माझ्याकडं असते.

दादा


शिरूर, १८ मार्च २०२४

सुलू,

सविताताईंचा फोन आला होता. म्हणाल्या, "दादा, तुमचं पत्र दोनदा वाचून दाखवलं. ताईंनी निस्तं इचारलं, बन्सीचं नाव का घेतलं म्हनून." मग त्यांनीच विचारलं, "कसली पुस्तकं ओ ही? मला तर ताईंनी कायच सांगितलं न्हाई."

म्हणजे तू त्यांनाही बोलली नाहीस. तुझं हे असंच. लहानपणी माझ्या हातून तुझी पाटी फुटली, तरी आईला तू सांगितलंस की तुझाच पाय पडला.

तर सविताताई, हे तुमच्यासाठी. आमची आई वच्छलाबाई इनामगावची, सातवी शिकलेली. मी वाचनालयातून पुस्तक न्यायचो. दुपारची भांडी आवरली की आई पडवीत बसून ते मोठ्यानं वाचायची आणि सुलू समोर ब्रेलची पाटी आणि टोचणी घेऊन बसायची. आईनं एक वाक्य वाचायचं, सुलूनं ते ठिपक्यांत टोचायचं. कागद कुठला, तर साखर कारखान्याच्या जुन्या कॅलेंडरांचा. तो जाड असतो, ठिपका धरून ठेवतो. गावातली जुनी कॅलेंडरं जानेवारीत आमच्याकडं जमा व्हायची. बावीस वर्षांत अकरा पुस्तकं झाली. ब्रेलला जागा फार लागते, म्हणून त्यांचे खंड झाले एक्केचाळीस. २०१२ साली आई गेली आणि काम थांबलं. सुलू दौंडला येऊन खुर्च्या विणायला लागली ते त्यानंतर. त्या खंडांची दुसरी प्रत कुठंही नाही.

मागच्या दिवाळीत मी ते तिच्याकडं मागितले. आमच्या वाचनालयाचा दर्जा वाढायचा होता, आणि दिव्यांग वाचकांसाठी काय केलं असा एक रकाना भरायचा होता. त्यात लिहायला आमच्याकडं फक्त चाकाच्या खुर्चीसाठीचा एक लाकडी उतार होता, आणि तोही वर जाऊन बंद दाराला टेकायचा. सुलू म्हणाली, ने, दुसऱ्या कुणाला तरी वाचायला होतील. फक्त उभी ठेव, वर वजन टाकू नकोस.

आता बन्सीचं. आमच्याकडं पुस्तक आलं की आधी दाखल क्रमांक, मग शिक्का, मग बांधणी, मग कपाट. बांधणी झाल्याशिवाय एकही पुस्तक मी कपाटात जाऊ दिलेलं नाही. सुलूचे खंड सुतळीनं ओवलेले, कडा फाटलेल्या. बन्सीनं पहिला खंड हातात घेऊन विचारलं, "साहेब, ह्याला दाब द्यायचा का? कागद हाताला टोचतुया." मी नोंदवहीतून मान वर न करता म्हणालो, नेहमीसारखं कर. नेहमीसारखं म्हणजे खळ लावून पुठ्ठा चढवायचा आणि पुस्तक दुसऱ्या दिवसापर्यंत लोखंडी प्रेसखाली दाबून ठेवायचं. चाक आवळायला बन्सी सगळा जोर लावतो. त्याशिवाय बांधणी सरळ राहत नाही.

तेव्हा ठिपके बसले, पानं सपाट झाली, ती माझ्या सांगण्यानं. बन्सीचं नाव घ्यायला नको होतं. तपासणीची घाई होती, माझं लक्ष नव्हतं, एवढंच.

दादा


शिरूर, २ मे २०२४

सुलू,

तुझं पत्र मिळालं. कॅलेंडरचे चार कागद, एका बाजूला कारखान्याचं धुराडं आणि दुसऱ्या बाजूला नुसते ठिपके. आधी मला हसू आलं आणि मग राग आला. मला ब्रेल येत नाही हे तुला माहीत आहे. सविताताईंना सांगितलं असतंस तर त्यांनी चार ओळी लिहून दिल्या असत्या. आता हे मी कुणाकडून वाचून घेऊ? शिरूरात ब्रेल येणारं माझ्या माहितीत कुणी नाही.

पाकीट घेऊन दिव्यांग कक्षात जाऊन बसलो. बाहेर फलक, आत कपाट, भिंतीवर उद्घाटनाचा मोठा फोटो. कक्षप्रमुख म्हणून दारावर माझंच नाव आहे. आणि मला आलेलं पत्र मला वाचता येईना. हे तुला हवं होतं, हो ना?

सविताताईंनी परवा फोनवर विचारलं, "दादा, ठिपकं बसलं म्हनता, मंग ताईंनी त्या दिशी वाचलं कसं?" मी म्हणालो आवाज येत नाही, आणि फोन ठेवला. सविताताई, आवाज येत होता.

पत्र जपून ठेवलंय. काही महत्त्वाचं असेल तर त्यांच्याकडून कळव.

दादा


शिरूर, ११ ऑगस्ट २०२४

सुलू,

तीन महिन्यांत तुझा काही निरोप नाही.

म्हाळूआप्पा तुला आठवत असतील, रोज सकाळी चार पेपर वाचणारे. साखरेच्या आजारानं त्यांची नजर गेली. तरी नात हात धरून आणून सोडते आणि ते नेहमीच्या बाकावर बसतात. पेपर हातात घेतात, घडी घालतात, ठेवून देतात. परवा म्हणाले, "सोपान, धरनाच्या पान्याची बातमी आली आसंल बघ. तेवढी वाचून दाखीव." मी भिंतीवरच्या "शांतता राखा" या पाटीकडं बोट दाखवलं. कुणाला दाखवतोय ते नंतर लक्षात आलं. वाचनालयात मोठ्यानं वाचायचं नाही हा नियम माझ्या आधीपासूनचा आहे, पण तीस वर्षं तो पाळला मीच.

कक्षातलं कपाट हलवलंय. जुलैत निर्लेखन झालं, म्हणजे निकामी पुस्तकं नोंदीतून काढून टाकायचं काम. ते होतच असतं. तुझ्या खंडांची काळजी करू नकोस, ते नीट आहेत.

दादा


शिरूर, १७ नोव्हेंबर २०२४

सुलू,

सविताताईंनी कळवलं की, "माझ्या पत्राचं उत्तर आल्याशिवाय दादाचं एकही पत्र मला वाचून दाखवू नका," असं तू त्यांना मे महिन्यातच सांगितलं होतंस. म्हणजे ऑगस्टचं पत्र तू ऐकलेलं नाहीस. बरं झालं. ते खोटं होतं.

हे उत्तर आहे, तेव्हा आता ऐक. सप्टेंबरात मी ब्रेलचा तक्ता छापून आणला आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी पुन्हा पहिलीत बसलो. बोटाला काहीच उमगेना, सगळे ठिपके सारखेच लागायचे. मग डोळ्यांनी वाचायला लागलो. सकाळी खिडकीतून तिरपं ऊन येतं, तेव्हा ठिपक्याची बारीक सावली पडते. ऊन वर चढेपर्यंत दोन ओळी व्हायच्या. तुझे चार कागद संपता संपता दिवाळी आली.

तू लिहिलं होतंस: "दादा, तुला वाचता येईल त्या दिवशी वाच. पुस्तकं परत दे. सपाट झाली असली तरी चालतील, मला ती हातात धरायची आहेत. वाचताना आई मधेच काही बोलायची, तेही मी कंसात टोचलं आहे. शेवटच्या खंडातली मागची कोरी पानं टाकू नकोस. ती तुझी आहेत."

एप्रिलमध्ये तू पुस्तकं मागितलीस आणि जुलैत मी ती रद्दीत घातली. पत्र माझ्या टेबलाच्या खणात होतं.

झालं ते असं. दर्जा वाढला, फोटो छापून आले, आणि संपतरावांना त्या खोलीत स्पर्धा परीक्षेच्या मुलांची अभ्यासिका हवी झाली. ते म्हणाले, "सोपानराव, सा म्हैन्यात एक तरी सभासदानं नेलं का ह्यातलं? रजिस्टर दावा." रजिस्टर कोरं होतं. कुलूप लावलेल्या कपाटातलं पुस्तक कोण नेणार, हे मी बोललो नाही. खंड परत तुला देऊ या, एवढं मात्र म्हणालो. ते म्हणाले, "शिक्का मारलाय न्हवं? मंग त्ये संस्थेचं झालं. वाटायला सुरवात केली तर उद्या समदंच मागत येत्याल." नियम बरोबर होता. शिक्का मीच मारला होता, प्रत्येक खंडावर तीन ठिकाणी. यादीही मीच केली. कारण लिहायच्या जागी लिहिलं, "वाचनास अयोग्य."

तुझं पत्र वाचून झालं त्याच दिवशी मी रद्दीवाल्याकडं गेलो. तो म्हणाला, "तो माल कवाच मिलला गेला. चांगला जाड कागद हुता." एकदा विचारून झालं होतं, तरी मी त्याला पुन्हा विचारलं.

चाळीस खंड गेले. एक्केचाळिसावा माझ्याकडं आहे. कार्यक्रम झाला त्याच दिवशी मी तो घरी आणून कपाटात कपड्यांखाली ठेवला होता. का आणला, ते सविताताईंच्या तोंडून तू ऐकावंस असं मला वाटत नाही. पाटी आणि टोचणी मागवली आहे.

म्हाळूआप्पा गेल्या महिन्यात गेले. त्यांची ती बातमी वाचायची राहिलीच.

दादा


शिरूर, १६ फेब्रुवारी २०२५

सुलू,

हे मी टोचून लिहितोय. उजवीकडून डावीकडं टोचायचं असतं हे विसरलो आणि पहिले तीन कागद उलटे झाले. सुरुवातीला दिवसाला सहा-सात ओळी, त्याही चुकत. आता दुपारभर बसलो की कागद होतो. तू बावीस वर्षं हे कसं केलंस? सविताताईंना यातलं अक्षर कळणार नाही, म्हणून लिहू शकतोय.

मला आधीच कळलं होतं. गेल्या वर्षी जानेवारीच्या दोन तारखेला बन्सी खंड घेऊन आला आणि खूश होऊन म्हणाला, "साहेब, खरखर गेली बघा समदी. कसं गुळगुळीत झालंय." मी पान उघडून हात फिरवला. काही लागलं नाही. दुसरा खंड उघडला, तिसरा उघडला. मग खुर्चीत बसलो आणि बन्सीला चहा सांगितला.

कार्यक्रमाला दोन दिवस होते. तुला फोन करता आला असता. पत्रिका वाटून झाल्या होत्या, साहेब येणार होते. मी ठरवलं, सुलू निभावून नेईल. तुझा लहानपणापासूनचा गुण मी हिशेबात धरला, आणि तो तुझ्याविरुद्ध वापरला.

माइकवर मीच म्हणालो, आता सुलक्षणा आपल्याला वाचून दाखवेल. एक्केचाळिसावा खंडही तुझ्यासमोर मीच उघडून ठेवला. तू बोट टेकलंस. बोट ओळीच्या शेवटपर्यंत गेलं, परत आलं, पुन्हा गेलं. तुझा चेहरा मी पाहिला. मी शेजारीच उभा होतो. सभागृह थांबलं होतं. मग तू वाचायला लागलीस. दोन पानं, न अडखळता. बोट ओळीवरून फिरत होतं. पान उलटायची जागा आली तेव्हा पानही उलटलंस. क्षणभर मला वाटलं, ठिपके राहिले असतील. सगळं तुला पाठ होतं. त्या कोऱ्या कागदावरून बोट फिरवून तू माझी अब्रू राखलीस, आणि मी टाळ्या वाजवल्या. मला त्याची लाज वाटते सुलू. रोज वाटते.

म्हणूनच तो खंड घरी आणला. दुसऱ्या कुणी हात फिरवून पाहू नये म्हणून.

आता तोच खंड वाचतोय. ठिपके दबले, पण कागदावर त्यांचा वळ राहिलाय. सकाळच्या उन्हात पान तिरपं धरलं की दिसतो. बोटाला लागत नाही, डोळ्याला दिसतो. तुझी पुस्तकं मी अशी करून ठेवली की ती फक्त डोळसांना वाचता यावीत. चाळीस खंडांवरही वळ असणार होता. तो मी पाहिलासुद्धा नाही.

हे गलबतावरच्या डॉक्टरचं पुस्तक आहे. मधे मधे आई बोलते. (आई : थांब, शेळी सुटली.) (आई : समुद्र म्हंजी आपल्या उजनीपेक्षा मोठा आसंल का गं?) (आई हसली.) बारा वर्षांनी मला तिचं बोलणं ऐकू आलं. तू हे एक्केचाळीस खंड भरून ठेवलं होतंस, आणि दाखल नोंदवहीत मी त्यापुढं लिहिलं होतं, "हस्तलिखित, किरकोळ."

शेवटचं टोचलेलं पान परवा लागलं. छापील पुस्तकात ते दोनशे बारावं. त्याखाली तुझा कंस आहे. (आई इथं थांबली. म्हणाली, दम लागतोय, पुढचं सोपान वाचंल. त्याच्यासाठी कागद शिवून ठेव.)

दवाखान्यात तिनं माझ्याकडूनही कबूल करून घेतलं होतं. मी हो म्हणालो होतो. बारा वर्षं मी अठरा हजार पुस्तकांत बसलो आणि तुला एक पान वाचून दाखवलं नाही. तूही कधी आठवण दिली नाहीस. कागद मात्र शिवून ठेवलेस.

ते आता नाहीत. बांधणीच्या वेळी बन्सीनं विचारलं होतं, "मागं साठ-सत्तर पानं कोरीच हायती, ठिवायची का?" मी म्हणालो, काढून टाक, जाडी कमी होईल.

छापील पुस्तक वाचनालयात मिळालं. मागच्या पानावरच्या तारखांच्या चिठ्ठीवर शेवटची तारीख २०१२ ची, आईला दिल्याची. त्यानंतर ते कुणी नेलेलं नाही. काल मी ते माझ्या नावावर घेतलं. पुढचं मी टोचतोय. कागद कॅलेंडरचाच आहे, यंदाच्या. पुस्तक संपायला वर्षं लागतील आणि तेवढी माझ्याकडं आहेत की नाही माहीत नाही. तू हे कागद घेशील की नाही तेही माहीत नाही. परत पाठवलेस तर ठेवून घेईन. शिक्का मारणार नाही.

पान दोनशे तेरा.

चौथ्या दिवशीही जमीन दिसली नाही. सगळे गलबताच्या कठड्याशी येऊन उभे राहिले होते आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. पाणी किती उरलं आहे ते डॉक्टरला माहीत होतं, आणि त्यानं ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

(दादा इथं थांबला.)